शिंप्याची पहिली सभा

आमचे हे शिंपी. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं ब्लाउजचं दुकान. मागे एकदा त्यांनी फोनवर वाचलं, की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एक जिनगर घोड्यांची खोगिरं शिवता शिवता थेट कायदेमंडळात जाऊन बसला. झालं! स्वारी हवेत.

“तो घोड्यांचं शिवत होता, मी बायकांचं शिवतों. मज कौन्सिलर व्हायला काय हरकत?”

“घोडे माप चुकलं म्हणून भांडत नाहींत,” मी म्हटलं. पण ऐकतंय कोण! अर्ज भरला, चिन्हसुद्धा शिलाई मशीन मिळालं.

मला धास्ती भाषणाची. आमचं गाव तमिळ मुलखातलं; घरात आम्ही मराठी बोलतो, दाराबाहेर तमिळ. पण हे घाबरले की दोन्हींची खिचडी करतात. चारचौघांत त्यांचं हसं झालं तर? महिनाभर मी त्यांच्याकडून तमिळ भाषण घोटून घेतलं.

सभेच्या संध्याकाळी गल्लीत खुर्च्या मांडल्या. मी पहिल्या रांगेत. यांनी पहिलं वाक्य एका दमात, न अडखळता म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी हात हलवून ओरडले, “वा! वा!”

घात झाला. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’. उमेदवाराची बायको हात करून बोलावते आहे म्हटल्यावर कोपऱ्यावरची फुलवाली उठली, तडक माइकपाशी गेली आणि तुंबलेल्या गटाराबद्दल बोलू लागली. मी “नको, नको” म्हणेपर्यंत तिच्यामागे रांग लागली. मला हसू आवरेना; पदर तोंडात कोंबला तरी खुर्ची हलत होती.

हे क्षणभर गोंधळले. मग भाषणाचा कागद उलटा केला, कानावरची पेन्सिल काढली आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेऊ लागले. कुठं? कधीपासून? आधी कोणाला सांगितलं होतं?

शेवटी सगळे ज्यांना ‘ताता’ म्हणतात त्या आजोबांनी माइकवरच विचारलं, “निवडून आल्यावरही असंच ऐकशील का?”

हे घाबरले. मी डोळे मिटले.

“ताता, पडलों तरी ऐकेन. दुकान इथंच आहे की.” अर्धं तमिळ, अर्धं मराठी.

कोणीही हसलं नाही. आजोबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे हरले तरी चालेल, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.