नागातानीच्या देवाची परतवणी

आमच्या नागातानीत कुमेझो लाकडी पिंपं करायचा. मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, मुरवायची पिंपं. माणूस तोंडाचा फटकळ, पण त्याच्या पिंपातून थेंबभर पाझरायचं नाही.

तो ऐन तारुण्यात होता तेव्हा सरकारचा हुकूम आला: लहान देवळं मोडा, सगळे देव एका मोठ्या देवळात न्या. आमचं देऊळ किती जुनं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. गाव वसायच्या आधीपासून देव तिथे आहे, एवढंच म्हातारी माणसं सांगत. आमचा देव म्हणजे मूर्ती नव्हे, गाभाऱ्यातला आरसा. पालखी उचलायला दणकट खांदे हवे होते, म्हणून कुमेझोलाही उभं केलं. देव खाली नदीकाठच्या कावाबेला गेला. महिन्याभरात ठेकेदारानं देवराईतले कापराचे वृक्ष आडवे केले.

तेव्हापासून कुमेझो दर वर्षी कचेरीत जाऊन भांडायचा.

"अहो, देव वर काय नि खाली काय, देवच ना?" साहेब म्हणाला.

"मग तुमची आई शेजाऱ्याकडे ठेवा. आईच ना?"

त्याला धक्के मारून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला. त्याची बायको सावा म्हणायची, "अहो, देवाला तिथे उबदार छप्पर आहे. तुमचंच डोकं उघड्यावर पडलंय."

पुढे मोठी लढाई झाली नि संपली, सरकार बदललं, हुकूमही गेला. कुमेझोचे केस तोवर पांढरे झाले होते. तो नवी पालखी बांधून कावाबेला गेला, तर पुजारी मान खाली घालून म्हणाला, "काका, अकरा गावांचे देव एकाच पेटीत ठेवले होते. आरसे सगळे सारखेच. आता तुमचा कुठला, ते आम्हालाही कळत नाही."

"कळत नाही? देव म्हणजे काय छत्री आहे, अदलाबदल व्हायला?"

"मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, काका. हवं तर मंत्र म्हणून नव्या आरशात अंश देतो."

"अंश नको. आमचा होता तो द्या."

दिवसभर तो पायरीवर बसून राहिला. संध्याकाळी नवा आरसा घेतला. गावातली पोरं म्हणाली, "वर गाडी जात नाही, काका. खालीच ठेवा ना." तेव्हा पालखी पायथ्याशीच टाकून, आरसा पाठीला बांधून तो एकटाच जुन्या देवळाच्या जागी चढला. कापराच्या बुंध्यांच्या जागी आता संत्र्यांची बाग होती. बागवाल्यानं कोपरा दिला, तोही कुरकुरत. तिथे कुमेझोनं देवदाराचं छोटं देऊळ उभारलं. सांधे अगदी पिंपासारखे घट्ट.

"झालं ना आता मनासारखं?" सावानं विचारलं.

"कसलं मनासारखं! कुणाला आणलंय, तेच ठाऊक नाही."

तरी रोज सकाळी तो भात-मीठ घेऊन वर जायचा. एकदा मी पाठोपाठ गेले. तो नमस्काराच्या दोन टाळ्या वाजवून आरशाला दरडावत होता, "आमचा असशील तर बरंच. नसशील तर तुझं गाव तुला शोधत असेल रे बाबा. पण आता इथेच जेव."