बाईंची अकरा स्टुलं

बाई कुणाला स्टूल हाताने देत नसत. पायाने सरकवत. तुम्ही त्यांच्या दारात उभे राहिलात की आतून आधी फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज यायचा, मग स्टूल यायचं, आणि त्याच्यामागून बाईंचा आवाज यायचा.

"बस पह्यले. मंग बोल."

का, म्हणून विचारलंत तर कारण ठरलेलं होतं. "उभ्यानं बोलते तो एक तं वसुलीले आला असते, नाई तं खोटं बोलून राह्यला असते."

मी स्वतः चंद्रपूरकडच्या सावली गावातल्या एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. वसुलीलाही जातो आणि उभ्यानेच बोलतो, त्यामुळे हे वाक्य मला दर वेळी थोडं लागायचं. पण शेजार भिंतीला भिंत लागून. बसण्यावाचून इलाज नव्हता.

निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून त्यांच्या दारात आला, तेव्हाचं सांगतो. बाईंनी त्यालाही बसवलं. मागे वीसेक कार्यकर्ते होते. बाईंनी घरातले पाट काढले, उलटी बादली काढली, चटई काढली. सगळे टेकेपर्यंत उमेदवाराचं भाषण संपून गेलं आणि तो उठला. बाई म्हणाल्या, "आता मी बोलतो, तुमी बसा." त्यानंतर पाऊण तास तो आमच्या गल्लीतल्या नालीबद्दल ऐकत होता. पुढच्या निवडणुकीत त्याने आमची गल्ली सोडून दिली. नाली अजून तशीच आहे, हेही नोंदवतो.

बाई नर्स होत्या. सगळी नोकरी एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका उपकेंद्रात गेली. तिथे खुर्ची एकच होती, आणि ती साहेब आले तर त्यांच्यासाठी, असा अलिखित नियम होता. एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले, तर खुर्चीवर दिवस भरत आलेली एक माडिया आदिवासी बाई बसलेली. चार कोस चालत आली होती. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, घसा साफ केला.

बाईंनी विचारलं, "साहेब, तिले नववा लागला. तुमाले कितवा?"

साहेबांनी उभ्यानेच तपासणी केली. शेरा चांगला दिला म्हणतात. मला खात्री नाही, कारण हे बाईच सांगायच्या.

निवृत्त झाल्यावर बाई आमच्या सावलीत स्वतःच्या घरी आल्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. बहिणीची मुलगी प्रज्ञा त्यांच्याकडेच वाढली. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून दोघी विहारात जायच्या. तिथे सगळेच खाली बसतात, म्हणून तेवढ्या एका ठिकाणाबद्दल बाईंची तक्रार नव्हती.

बारावीनंतर प्रज्ञा चंद्रपूरला एका मोठ्या दुकानात लागली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण तसं करणारी दुकानं पुष्कळ आहेत. खाली किराणा, वर कपडे, त्याच्यावर भांडी आणि प्लास्टिकचं सामान. पोरींसाठी नियम असा की ड्यूटीत बसायचं नाही. गिऱ्हाईक असो की नसो. दुपारी दोनला माळ्यावर चिटपाखरू नसलं तरी हँगरांच्या रांगेत त्या उभ्याच. एका दुपारी प्रज्ञा शर्टांच्या खोक्यावर टेकली. कॅमेऱ्यात दिसलं. अर्ध्या दिवसाचा पगार कापला. तिने विचारलं, अर्ध्या दिवसाचा कशाला, मी तर पाच मिनिटं बसले होते. त्यावर उरलेला महिनाही कापला, म्हणजे घरी पाठवलं. प्रश्न बाईंच्या घरात वाढलेल्या मुलीचा होता, त्यामुळे तो सौम्य भाषेत विचारला गेला नसावा.

ती आली त्या दिवशी मी तिथे होतो. बाईंनी तिच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला. खळी पडली आणि तशीच राहिली. बाई त्या खळीकडे बराच वेळ पाहत होत्या.

"एकोणीस वर्षाची पोरगी," त्या म्हणाल्या, "आन पाय साठीचे. त्या दुकानात पाय ठेवन तं नाव बदलवीन मी."

मग मोहीम सुरू झाली. कुणी चंद्रपूरला निघालं की बाई अंगणातूनच ताकीद द्यायच्या. आमच्या घरी त्या दुकानाची पिशवी आली, तर बायकोला म्हणाल्या, "माह्या दारावरून न्यायची असन तं उलटी करून ने, बाई." तेव्हापासून आमची बायको ती पिशवी आतली बाजू बाहेर करून वापरते. भाजी तीच, पण पिशवीचे टाके दिसतात.

आणि अशात ते कार्ड आलं.

एटापल्लीकडच्या जुन्या स्टाफने बाईंसाठी वर्गणी काढली होती. निरोपाच्या वेळी काही देणं झालं नव्हतं, ते मनात राहिलेलं. साडी घ्यावी तर रंगावर एकमत होईना. शेवटी कुणाच्या तरी भाच्याने सुचवलं की चंद्रपूरच्या मोठ्या दुकानाचं गिफ्ट कार्ड द्या, बाईंना आवडेल ते त्या घेतील. चंदेरी डबीत नेमकं त्याच दुकानाचं पाच हजारांचं कार्ड, एक वर्षाची मुदत. देणाऱ्यांत मैनाबाई नावाची म्हातारी दाईसुद्धा होती. तिने स्वतःच्या हातचे मोहाचे लाडू डबीबरोबर पाठवले होते आणि निरोप दिला होता की काय घेतलं ते मला सांगायचं.

बाईंनी लाडू खाल्ले. कार्ड पितळी डब्याखाली ठेवलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, तुमी हिशेबातले. सांगा, याचं काय करू?"

मी बसलो आणि सांगितलं. कार्ड तसंच ठेवलं तर वर्षभराने ते बाद होईल, पाच हजार दुकानाला फुकट राहतील आणि एक रुमालसुद्धा द्यावा लागणार नाही. म्हणजे तुमचा बहिष्कार त्यांना पाच हजारांचा फायदा देणार.

"फाडलं तं?"

"तरी तेच."

बाईंनी कार्ड परत डब्याखाली सरकवलं. मग मी म्हणालो, कार्ड मला द्या, मी रोख पाच हजार देतो, किराणा तर आम्हाला लागतोच.

"म्हंजे पाप माह्यं आन पाय तुमचे. नाई जमत."

बायको म्हणाली, माझ्या भाचीचं लग्न आहे, तिला आहेर करून टाका.

"माह्या घरातला इंचू तिच्या संसारात सोडू काय?"

परत पाठवायचा प्रश्न नव्हता. मैनाबाईला काय सांगणार, तू दिलेलं मला चालत नाही म्हणून? बाईंनी आयुष्यभर कुणाचं मन मोडलं नाही असं मी म्हणणार नाही, साहेबांची पुष्कळ मोडली, पण मैनाबाईचं मोडलं नसतं. एकीकडे तिची माया, एकीकडे पोरीच्या पायावरची ती खळी. मी चार दिवस घरी बसून एक तक्ता केला. कोणत्या वस्तू घेतल्या तर दुकानाचं नुकसान होईल, याचा. निघालं काय, तर एकावर एक फुकट योजनेतला साबण. बाई म्हणाल्या, "पाच हजाराचा साबण? मी का सगळी सावली धुवायले काढू?"

मग एका संध्याकाळी त्यांनी प्रज्ञाला विचारलं, "तुह्या त्या दुकानात स्टूल भेटते का वो?"

"भेटते नं. वरच्या माळ्यावर, प्लास्टिकचे. काऊन?"

बाईंनी सांगितलं काऊन. प्रज्ञा रडायलाच आली. "मावशी, तू स्टुलं ठेवून येशील आन शिव्या त्या पोरीइले पडतील. माह्यी गेली, आता त्याइची पण नोकरी घालवतं का?"

हे खरं होतं. बाईंनी स्टुलाचा विषय बंद केला. माझ्या मते तो बंद झालाच होता. पण आमच्या भागात एक पद्धत आहे. सावली, मूल, सिंदेवाहीची माणसं चंद्रपूरला दिवसभराच्या खरेदीला जातात, आणि घेतलेला माल हातात वागवत फिरता येत नाही म्हणून दुकानातच ठेवतात. बिल झालेलं असतं. मालावर नावाची चिठ्ठी लावतात आणि बसच्या वेळेला उचलतात. मोठी वस्तू असली तर गावाकडचा टेम्पो येईपर्यंत ती पडून राहते. त्या दुकानातही असा तालुक्याचा माल प्रत्येक माळ्यावर असायचा. हे मला माहीत होतं. त्याचा उपयोग बाईंना सुचला.

मुदत संपत आली तेव्हा आम्ही गेलो. प्रज्ञा बाहेर चहाच्या टपरीवर थांबली. दारात बाई क्षणभर थबकल्या. मग उजवा पाय आत टाकला.

स्टूल चारशे एकोणपन्नासचं. अकरा घेतली, चार हजार नऊशे एकोणचाळीस झाले. उरलेल्या एकसष्टात दहा दहाचे सहा बिस्किटपुडे. एक रुपया त्या दुकानाकडे राहिला, तो मला अजून खुपतो.

स्टुलं एकात एक घालून कपड्यांच्या माळ्यावर आणली. बाईंनी वरचं काढलं, हँगरांच्या रांगेत ठेवलं आणि बसल्या. पोरी आमच्याकडे पाहत होत्या. मॅनेजर आला. तिशीचा, गळ्यात टाय, बुटांचे बंद सैल सोडलेले.

"मॅडम, इथं बसता येत नाही."

"माह्या स्टुलावर बसली आहो. भाऊ, बिल दाखवा याले."

मी बिल दाखवलं. त्याने ते वाचलं. वाचून झालं तरी तो उभाच होता. बाईंनी पायाने दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बस पह्यले. मंग बोल."

त्याने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. बाईंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. "संध्याकाळी पाय सुजते नं तुह्ये? बंद काऊन सोडले मंग?"

मॅनेजर बसला. फार नाही, बिस्किटाचा एक पुडा फोडून होईपर्यंत. तेवढ्यात बाईंनी त्याला सांगितलं की आम्ही सावलीचे, बसमध्ये अकरा स्टुलं कंडक्टर घेणार नाही, तेव्हा माल इथेच राहील. टेम्पो मिळाला की नेऊ. "आन पडून पडून प्लास्टिक खराब होते. कोणी टेकलं अधूनमधून तं माह्यी हरकत नाई. कॅमेरावाल्यानं इचारलं तं सांगजो, गिऱ्हाइकाचा माल आहे, गिऱ्हाइकाची परवानगी आहे."

मॅनेजर बराच वेळ बिस्किट चावत राहिला. मग म्हणाला, "नाव सांगा. चिठ्ठी लावावी लागते."

"मैनाबाई," बाई म्हणाल्या. "गाव एटापल्ली. फोन माह्या आन या भाऊचा, दोन्ही लिव."

जिन्यात मी त्यांना अडवलं. म्हटलं, बाई, हे खोटं आहे. नावही खोटं आणि टेम्पोही खोटा.

"पाय ठेवन तं नाव बदलवीन म्हटलं होतं. बदलवलं. आन बसून बोलली मी, उभ्यानं नाई."

पुढच्या महिन्यात दुकानातून फोन आला, माल कधी नेता? बाई म्हणाल्या, "येतो नं. हप्त्याभरात." त्याच्या पुढच्या महिन्यात बाईंच्या गुडघ्याने घात केला. मग धानाची रोवणी सुरू झाली, टेम्पो सगळे शेतात गुंतले. मग गावात लग्नं निघाली. काही महिन्यांनी फोनचा सूरच बदलला. मॅनेजर विचारायचा, "बाई, या महिन्यात तर येत नाही ना?"

"नाई रे बाबू."

"बरं, बरं."

प्रज्ञाच्या मैत्रिणी सांगायच्या की दुपारी आळीपाळीने टेकता येतं, आणि मॅनेजर जिना चढताना मोठ्याने खोकतो. सर्दी नसली तरी. मैनाबाईलाही निरोप गेला, तुझ्या पैशाची अकरा स्टुलं घेतली. तिने उलट निरोप पाठवला, एवढी माणसं येतात का बाईकडे?

बाई पुढच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत गेल्या. आजार लांबला नाही. गडचिरोलीच्या दवाखान्यातही म्हणे राउंडला आलेल्या डॉक्टरला त्यांनी खाटेवर जागा करून दिली होती. तो बसला, आणि नंतर सांगत होता की त्या दिवशी पहिल्यांदाच बसलो.

घरी माणसं जमली. अंगणभर उभी होती. आमच्या लक्षातच येत नव्हतं की कुणी बसा म्हणालं नाही, म्हणून आपण उभे आहोत. मग आतून फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. प्रज्ञा पायाने स्टूल सरकवत बाहेर येत होती. डोळे पुसायला हात मोकळे पाहिजे होते.

गेल्या आठवड्यात माझा फोन वाजला. बाईंचा नंबर लागत नाही, म्हणून दुकानाने दुसरा लावला होता. तोच मॅनेजर. मागे कुणी तरी मोठा माणूस उभा असावा, कारण आवाज अगदी सरकारी होता.

"मैनाबाईंचा माल पडून आहे. कधी नेणार?"

मी अंगणात उभा होतो. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं. मी कुणाला एका रुपयाचंही खोटं सांगत नाही, हे पतसंस्थेत कुणालाही विचारा. पलीकडे प्रज्ञा पायरीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाईंचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

मी आधी बसलो.

"येतो," मी म्हणालो. "हप्त्याभरात."

"सावकाश या," तो म्हणाला.