काथ्याचा टाका

शके अठराशे पाच, फाल्गुन वद्य तृतीया. त्या दिवशी मी डोंबिवलीच्या खाडीकाठी चिखलात बसून फुटक्या होडीचे टाके उसवत होते. नव्या होडीला तिच्याच फळ्या लावायच्या होत्या. लाकूड सागाचं, टाकून देण्यासारखं नव्हतं.

ही होडी माझ्या धाकट्या दिराने बांधली होती. आमच्याकडे फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकतात. तो मात्र दोन वर्षं मालवणकडे राहून फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवायला शिकून आला. शिवलेली होडी वाळूवर बसली तरी लवते, फुटत नाही, असं तो म्हणे. दिवाळीनंतर ठाण्याला भात घेऊन जाताना ती भर पाण्यात तळाशी उसवली. त्याचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं.

टाका ढिला होता, असा गावाने निकाल दिला. विहिरीवर बायका माझ्या जावेला विचारत, "तुझ्या नवऱ्यानं होडी शिवली की गोधडी गं?" ती घागर भरून निघून येई. घरधनीही तेच म्हणत, फक्त हळू आवाजात.

नव्या होडीसाठी सुताराला बोलावलं होतं. म्हातारा तोंडाचा फटकळ.

"खिळेच मारतो," तो घरधन्यांना म्हणाला. "खारं पाणी लोखंड खातं, पण सावकाश खातं."

"आणि वाळूवर बसली तर?"

"तर उतर नि ढकल. भावाची शिवण पाहिलीस ना?"

जाऊ शेजारीच उसवलेला काथ्या गोळा करत होती.

मी तळाच्या फळीला हात घातला. बाहेरच्या बाजूचे टाके इतके घट्ट की कोयता लावावा लागला. तीच दोरी आतल्या बाजूला भिजल्या तंबाखूसारखी बोटांत सुटून आली. ढिला टाका दोन्हीकडून ढिला असतो. हा आतून कुजला होता. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, कुजतो तो गोड्या पाण्यात. हे दिरानेच मला सांगितलं होतं.

होडीच्या आत गोडं पाणी कुठून आलं, तेही मला माहीत होतं. त्याच वर्षी चैत्रात तो डोलकाठीसाठी लाकूड बघायला खडवलीच्या पुढे गेला आणि महिना-दीड महिना तिकडेच अडकला. उन्हाने फळ्या आकसू नयेत म्हणून अंगणातली होडी पाण्याने भरून ठेवायला सांगून गेला. "खाडीचंच भर हं, वहिनी." ओहोटीला खाडी लांब, गुडघाभर चिखल. विहीर अंगणापासून वीस पावलांवर. इथे सगळेच आपल्या होड्या विहिरीच्या पाण्याने भरतात. खिळ्यांच्या होडीला त्याने काही होत नाही. मीही रोज विहिरीच्याच घागरी ओतल्या.

कोणाला कळण्याचं कारण नव्हतं. नव्या होडीला खिळे मारले की विषय संपला असता. टाका ढिला, एवढं जावेच्या पदरात जन्मभर राहिलं असतं. घरी गेले, भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला तेव्हा कुजलेली दोरी त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

जावेने विचारलं, "यांनी खाडीचंच सांगितलं होतं?"

"हो."

"मग काल का नाही बोललात?"

ती आत गेली.

सुताराने बाहेरचा एक टाका नखाने ओढून पाहिला. तो हलला नाही. "पोराचा हात चांगला होता," तो म्हणाला. "आता काय घालू? काथ्या की खिळे?"

"खिळे," मी म्हणाले. "काथ्या सांभाळणारं या घरात कोणी उरलं नाही."

मग घागर घेतली. बायका जमायच्या वेळेलाच विहिरीवर गेले, आणि तेच सगळं तिथेही मोठ्याने सांगितलं.