नेवेना त्या शनिवारी घरी होती

इटलीतल्या पादुआत वर्षानुवर्षं मी परदेशी विद्यार्थ्यांना घर भाड्यानं देते आहे. जिन्याच्या डाव्या हाताला मी राहते, उजव्या हाताला ते. मधे एक पायपुसणं आहे, ज्याला त्यांच्यापैकी कुणाचाही पाय कधी लागला नाही. एका वर्षासाठी येतात, शिकायला म्हणून. शुक्रवारची दुपार झाली की पाठीला पिशव्या लावून पसार होतात, ते सोमवारी डोळे तारवटून परत. "सिन्योरा, प्राग काय सुंदर आहे म्हणून सांगू!" मी म्हणते, असेल, आधी तो कचरा खाली नेऊन टाक.

पण नेवेनासारखी पायाला भिंगरी लावलेली पोरगी माझ्या घरात ना आधी आली, ना नंतर. सर्बियातल्या उझित्से गावची. उंच, हाडकुळी, बोलताना सारखी या पायावरून त्या पायावर होणारी. सप्टेंबरात आली आणि दीड महिन्यात व्हिएन्ना, ल्युब्लाना, म्युनिक, साल्झबुर्ग, त्रिएस्ते, सगळं पालथं घातलं. बरं, पालथं घातलं म्हणजे पाहिलं असंही नाही. शेजारच्या खोलीत राहणारी उग्ने लिथुआनियाची, शांत मुलगी, ती एकदा माझ्याकडे रडकुंडीला आली होती. "साल्झबुर्गला हिनं आम्हाला कॉफीसुद्धा संपवू दिली नाही, सिन्योरा! किल्ला चढलो, वर पोचलो, तर ही उतरायलाच लागली. म्हणे, आता कुठे जायचं?"

या भटकंतीचं कारण मला उग्नेकडूनच कळलं. नेवेनाचे वडील, रादिशा त्यांचं नाव, लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. जर्मनीत, ऑस्ट्रियात पोटासाठी गेलेल्या आपल्या लोकांची ने-आण करायचे. युरोपातलं एकूण एक बसस्थानक त्यांना पाठ, पण स्थानकाबाहेरचं शहर पाहायला कधी सवड झाली नाही. दर शनिवारी सकाळी, असतील तिथून, ते मुलीला फोन करायचे. जूनमध्ये झोपेत गेले. तेव्हापासून शनिवारी नेवेनाच्यानं घरात बसवेना. फोन वाजत नाही, हे ऐकत बसावं लागतं, असं ती म्हणायची. बसमध्ये, आगगाडीत, अनोळखी गल्लीत निदान ते ऐकू येत नाही.

मला पोरीची दया आली, आणि रागही. मीही नवऱ्याला पुरून आले आहे. मी काही दर शनिवारी म्युनिकला गेले नाही. घर पुसलं.

आता पुढचं कळायला तिच्या लोकांची एक रीत ठाऊक हवी. मला तेव्हा ठाऊक नव्हती, म्हणून तर सगळा घोळ झाला. सर्बियन लोकांत प्रत्येक घराण्याचा एक संत असतो. बापाकडून मुलाकडे चालत येतो. वर्षातून एकदा त्याच्या दिवशी घरात मेणबत्ती लावतात, पाव भाजतात, आणि दिवसभर दार उघडं ठेवतात. त्या सणाला कुणाला बोलवायचं नसतं. बोलावणं करणं म्हणजे आलेल्याचा अपमान, आणि संताचाही. ज्याला आपलं वाटतं तो आपणहून येतो. फार तर यजमानानं आपण घरी आहोत एवढं म्हणायचं.

रादिशांच्या घराचा संत लूका. त्याचा दिवस ऑक्टोबरचा शेवटचा, आणि त्या वर्षी तो नेमका शनिवारी आला. नेवेनाला भाऊ नाही. काकानं आधीच सांगून टाकलं होतं, "मुलगी उद्या दुसऱ्याच्या घरचा संत मानणार. रादिशाचा संत रादिशाबरोबर संपला." आई खचून आपल्या बहिणीकडे राहायला गेली होती, तिनंही हात टेकले. नेवेनानं ठरवलं, सण मी करणार, मी आहे तिथे करणार.

आणि आमच्याकडे तो शनिवार म्हणजे सर्व संतांच्या सणाची जोडून आलेली सुट्टी. सगळं शहर कुठे ना कुठे निघालेलं असतं.

त्या आठवड्यात त्यांचा गॅस हीटर बिघडला, म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात मेकॅनिकची वाट बघत बसले होते. तिसरा भाडेकरू दुआर्ते पोर्तुगालचा, सहलींचा म्होरक्या. टेबलावर ताल धरून तो म्हणाला, "बुडापेस्ट! शुक्रवारी रात्रीची बस. आपण तिघं आणि वर्गातले पाच-सहा जण. गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचं, मंडळी!"

नेवेना भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "मी शनिवारी घरी आहे."

"कोण, तू?" दुआर्ते उठून तिच्या कपाळाला हात लावायला गेला. "उग्ने, थर्मामीटर आण गं! ही घरी बसणार म्हणते."

"घरी आहे," नेवेना वळून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "सकाळपासून. दिवसभर."

"अभ्यास राहिलाय का?" उग्नेनं विचारलं.

"नाही. घरी आहे. वर्गातल्यांनाही सांगितलंय मी, घरी आहे म्हणून."

"बरं बाई, कळलं," दुआर्ते म्हणाला. "झोप काढ मस्त. आम्ही फोटो पाठवू."

नेवेनानं मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही ऐकलंत ना, सिन्योरा? मी घरी आहे."

"ऐकलं गं," मी म्हटलं. "घरी आहेस तर मेकॅनिक आज नाही आला तर शनिवारी तूच दार उघड त्याला. मी रोविगोला बहिणीकडे चाललेय."

तिनं मान हलवली आणि पुन्हा नळ सोडला. मला वाटलं, पोरांचं काहीतरी बिनसलं असणार. या वयात दर आठवड्याला बिनसतं.

शनिवारी दुपारी मी कोट चढवून, शेवंतीची कुंडी काखोटीला मारून निघाले. रोविगोला बहीण मिरेल्ला वाट बघत होती. रविवारी आईबापांच्या थडग्यावर फुलं घालायची होती. जिन्यावर आले आणि नाकात मेणाचा वास शिरला. माझ्या घरात मेणबत्ती लावायची सक्त मनाई आहे, भाडेकरारात ठळक अक्षरात आहे. डोकंच फिरलं. उजवीकडचं दार सताड उघडं! तशीच आत घुसले.

"घर जाळतेस का माझं?"

मग समोर पाहिलं. तिघांचीही टेबलं ओढून एकाला एक लावलेली. वर पांढरी चादर, इस्त्री केलेली. मधे जाडजूड मेणबत्ती, कणकेच्या वेण्या घातलेला गोल पाव, वाईनची बाटली, साखर-अक्रोडात मळलेल्या शिजवलेल्या गव्हाचं ताट. भाजलेलं मांस, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचे सार्मे पातेलंभर, केकच्या वड्या, आणि डझनभर तरी ताटल्या, एकीलाही कुणी शिवलेलं नाही. मेणबत्ती चांगलीच खाली आली होती. टेबलाच्या टोकाशी नेवेना पांढरा शर्ट घालून उभी. डोळे दाराकडे.

"आलात!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा काही उजळला की भाडेकरार माझ्या घशाखाली गेला.

"कुणासाठी हे सगळं?"

"आज आमची स्लावा आहे. बाबांच्या संताचा दिवस." आणि मग तिनं ती रीत सांगितली, काकाचं बोलणं सांगितलं, एका दमात, या पायावरून त्या पायावर होत.

मी कपाळाला हात लावला. "अगं वेडे, तोंड नव्हतं का तुला? सरळ सांगायचं, शनिवारी जेवायला या! बुडापेस्ट काय पळून जात होतं?"

"असं सांगत नाहीत, सिन्योरा."

"उझित्सेत सांगत नसतील! तिथे अख्ख्या गावाला माहीत असतं. इथे पोर्तुगालच्या पोराला संत लूकानं स्वप्नात येऊन सांगायचं होतं का?"

"मी चार वेळा सांगितलं, घरी आहे म्हणून." तिचा आवाज चिरकला. "आमच्याकडे एकदा सांगितलं तरी माणसं जिन्यावर मावत नाहीत."

मला भयंकर राग आला. तिचा, त्या दोघांचा, तिच्या काकाचा. मी टेबलाकडे वळले.

"पाव का कापला नाहीस अजून?" मी विचारलं.

"एकटीला येत नाही. तो दोघांनी धरून फिरवायचा असतो. मी बाबांच्या समोरून धरायची."

मी कुंडी खिडकीत ठेवली, हात धुतले आणि पावाची दुसरी बाजू धरली. ती काहीतरी प्रार्थना पुटपुटत होती, मी आपली माझी म्हणत होते. देव एकच असेल तर त्याला दोन्ही कळत असतील. पाव आम्ही गोल गोल फिरवला, तिनं तो उलटा करून फुलीसारखा कापला, चिरांमध्ये वाईन ओतली. मग आम्ही ओढून त्याचे दोन तुकडे केले. पाव नीट मोडला.

"बसा," ती म्हणाली. "आता तुम्ही पाहुण्या."

आधी चमचाभर गहू, मग सूप, मग सार्मे. मी खाल्ले. मिरेल्लाचा फोन आला, तिला सांगितलं, पुढच्या गाडीनं येते. मग पुन्हा आला, तेव्हा ती फोनमध्ये ओरडली. मांस आलं, सॅलड आलं, केक आले. नेवेना वाढत होती, ग्लास भरत होती, ताटली उचलत होती, आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहत होती.

"तू बस की आता. खा काहीतरी."

"यजमान बसत नाही, सिन्योरा. पाहुणा घरात असेपर्यंत नाही. बाबा रात्रभर बस चालवून यायचे आणि दिवसभर उभे असायचे."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. ती पहाटेपासून उभी होती, हे उघड होतं. घोटे सुजले होते. एका हातानं तिनं माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. बाहेर उजेड मावळायला लागला होता. दार तसंच उघडं, आणि जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, लोरेदाना, तू इथे बसून या पोरीला उभं ठेवते आहेस. ऊठ आणि जा. तू गेलीस की ती टेकेल, दोन घास खाईल, झोपेल.

मी उठले. कोट घातला, कुंडी उचलली.

"छान झाला सण. तुझ्या बापाला अभिमान वाटला असता," मी म्हटलं, आणि मला ते मनापासून वाटत होतं. "आता निघते. तू बस जरा."

ती दार आणि मी यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच तिचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर होते.

"जाऊ नका ना, सिन्योरा," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की मला बसावं लागेल."

माझ्या पोटात तीळभरही जागा उरली नव्हती. मी कोट काढून खुर्चीवर टाकला, बसले, आणि ताटली पुढे केली.

"आण बाई," मी म्हटलं, "अजून एक सार्मा आण."