फुकटचे वकील

वकिलाच्या काळ्या कोटाला खिसे कितीही असोत, किस्से काही त्यात मावत नाहीत! त्यातून वकील फुकटचा असेल तर विचारूच नका. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, वर दुष्काळ. गरिबांची अपिलं मोफत चालवणाऱ्या वकिलांत मी सगळ्यात नवखा.

माझा पहिला पक्षकार जळकोटकडचा, खालच्या कोर्टात हरलेला. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून म्हणाला, "तुमी सरकारनं दिलेले वकील?"

"हो. पण काम तुमचंच करणार."

"म्हंजे सरकारी दवाखान्यावानी! तापाला बी तीच गोळी, खोकल्याला बी तीच!"

•

जिल्हा नवा, सवयी जुन्या. एक म्हातारबुवा अपिलासाठी थेट एसटीनं उस्मानाबादला गेले. तिथं कळलं, तुमचं जिल्हा कोर्ट आता लातूरलाच. घामाघूम होऊन आमच्या बाररूममध्ये येऊन टेकले. "वकीलसाहेब, जिल्हा माझ्या दारात येऊन बसला, अन् मी त्याला परगावात हुडकत बसलो!"

•

आमचे सीनियर बिराजदारसाहेब. कपाळावर भस्माचे पट्टे आणि तत्त्व कडक. मोफत केसमध्ये पक्षकाराचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. रेणापूरच्या एका बापाचा पोरगा त्यांनी अपिलात निर्दोष सोडवला. दुसऱ्या दिवशी बाप सायकलला घागर बांधून हजर!

"साहेब, ही फी न्हाई. नुसतं पाणी हाय."

बिराजदारसाहेब घागरीकडे बघतच राहिले. "अरे बाबा, या दिवसांत एवढी मोठी फी मला आजवर कुणी दिली नाही!"

परत पाठवली असती तर तो दुखावला असता. अख्खी बाररूम घोट घोट प्यायली.

•

नांदेडला माझा एक मित्र असलीच कामं करायचा. नायगावच्या पक्षकाराच्या अपिलात पहिल्याच दिवशी गडबडला, गावांची नावंच उलटीपालटी केली. जज्जसाहेबांनी पक्षकाराला हळूच विचारलं, "दुसरा वकील देऊ का?"

"नगं साहेब! आत्ता कुटं ह्यांला माझी केस समजाय लागली!"

•

आणि आमची सोजरबाई. नवऱ्यानं आणि दिरानं मिळून विहीर खणलेली. नवरा गेला आणि दिरानं विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या. खालच्या कोर्टानं तिचा दावा फेटाळला. वकिलांचे उंबरठे झिजवून, अपिलाची मुदत संपता संपता ती आमच्याकडं आली. लेकरांसाठी दोन कोसांवरून पाणी आणत होती बिचारी. बिराजदारसाहेबांनी केस घेतली, मी मदतीला.

जज्जसाहेबांनी विचारलं, "बाई, विहिरीला पाणी तरी आहे का?"

"हाय म्हनायपुरतं हाय, साहेब. पर ज्याला दोर टाकू देतील त्यालाच घावतंय."

निकाल लागला. निम्मी विहीर सोजरबाईची! बाई पदर तोंडाला लावून रडली. मीही उगाच चष्मा पुसत बसलो.

कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली दीर आडवा आला. चारचौघांत हसून म्हणाला, "घे बाई तुझी निम्मी. कोन्ती देऊ, बोल! उगवतीची का मावळतीची?"

सोजरबाईनं डोळे पुसले, पदर खोचला.

"खालची!"