तिसरी हाक

मोहफुलं वेचायला गेलेल्या बायका झाडांआड एकमेकींना दिसत नाहीत, म्हणून घडीघडीनं हाका मारतात. एकीनं नाव घ्यायचं, दुसरीनं "हूऽ" करायचं. हूऽ आलं की समजावं, बाई जागेवर आहे. अर्जुनी मोरगावकडच्या त्या गावात रुख्माएवढ्या हाका कोणीच मारत नसे. काय झालं म्हणून शामकलानं विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "काही नाही, तू आहेस का पायलं."

दोघींच्या अंगणांत एकच कुंपण. कोणाची कोंबडी कोणाची फुलं टोचते, यावर त्यांची सकाळ मजेत भांडण्यात जाई.

गेल्या चैत्रात मात्र रुख्मानं शामकलाच्या मोहाखाली झाडून घेतलं. जिनं झाडाखाली झाडलं तिची फुलं, असा तिकडचा रिवाज. शामकला फुगली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघी जंगलात गेल्या, रुख्मानं हाक मारली, शामकला बोलली नाही. दुसरी हाक आली, तरी नाही. मग अस्वलाचा आवाज आला. माणसं कुऱ्हाडी घेऊन पोचली तोवर रुख्मा गेली होती.

तेव्हापासून शामकला भात रांधता रांधता मध्येच "हूऽ" करी. कोणी हाक मारलेली नसे. पाचोळा वाजला की हातातलं भांडं पडे. मोहाचा वास आला की पोटातलं बाहेर. झोप तर तिच्या घरचा रस्ताच विसरली.

गावानं आपल्या अकलेप्रमाणं ठरवलं, रुख्मा हिला बोलावते. आता भूत नावानं बोलावतं, तर नावच बंद केलेलं बरं. तिचं नाव घेतलं की रुख्माला वाट सापडेल, म्हणून कोणी घेईना. शेजारीण नुसती खाकरून पुढं जाई. नवरा मनिराम "आयकतेस का" म्हणे, तेही भिंतीकडं पाहून. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. बकरीलाही नावानं बोलावतात त्या गावात, पण वर्षभर शामकलाला कोणी बोलावलं नाही. कधी कधी ती पाण्याच्या गुंडीत वाकून स्वतःच आपलं नाव घेई, मग घाबरून गुंडी झाके.

गावची आशाताई अल्का बाहेरच्या गावची सून, तिला ही अक्कल पोचली नव्हती. तिनं मनिरामला दम देऊन दोघांना बसमध्ये बसवलं. तालुक्याच्या दवाखान्यात ठरल्या दिवशी मनाच्या डॉक्टरीणबाई येत. तिथं नंबर आला तसं कंपाउंडरनं भर गर्दीत ओरडून नाव घेतलं. शामकला बाहेरच्या दाराकडं वळली. अल्कानं हात धरून आत नेलं आणि गावानं तिचं नाव घेणं कसं बंद केलं ते सांगितलं.

डॉक्टरीणबाई पोरसवदा होती, पण तिला गप्प बसता येत होतं. शेवटी शामकलाच बोलली.

"तिनं दोन हाका मारल्या, बाई. मी रागात होती. ओ देल्ली नाही. तिसरी आलीच नाही."

दाराशी उभ्या मनिरामनं हे पहिल्यांदा ऐकलं. त्यानं मान खाली घातली.

"मावशी, रुख्माबाई तुम्हाला बोलावत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मोठा धक्का बसला की मन तिथंच अडकून राहते. अस्वल गेलं, हे तुमच्या जिवाला अजून कळलंच नाही. हा आजार आहे. सैनिकाले होते, अपघातातल्या माणसाले होते. हळूहळू उतरते."

झोपेसाठी हलकी गोळी दिली. जंगलातली ती सकाळ थोडी थोडी सांगायला पंधरा दिवसांनी या, म्हणाली. मग मनिरामकडं वळून म्हणाली, "आणि यांना नावानं हाक मारा. वर्षभर त्या घरात असूनही एकट्या आहेत."

मनिराम दोन दिवस घशातच नाव घोळवत राहिला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी भाताच्या तणसाच्या ढिगामागं गेला, कुंपणापलीकडं कोणी पाहत नाही ना ते बघितलं.

"शामकला वोऽ."

आत तिच्या हातातलं सूप थांबलं. दुसरी हाक आली. मग काहीच नाही. ती तशीच दारापर्यंत आली, चौकट धरून उभी राहिली.

"शामकला."

"हूऽ," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "काऊन?"

"काही नाही. तू आहेस का पायलं."

नाव कानी पडताच शेजारणीनं धाडकन दार लावून घेतलं. शामकला चौकटीतच बसली आणि पदर तोंडाला लावून रुख्मासाठी पहिल्यांदा रडली. मनिराम ढिगाआडून आला आणि जवळ बसला. दवाखान्याच्या पुढच्या बसला अजून बारा दिवस होते.