लढाईच्या सकाळचं जहाज

लाकडाशी बोलणारा माणूस अख्ख्या ओमानात एकच, आणि तो नेमका मस्कतच्या अझैबात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. नव्वदच्या दशकात मी आणि हे चाचा एकाच गाडीने रुसैलच्या कारखान्यात जायचो; मी ड्राफ्ट्समन, ते सुतार. रत्नागिरीकडच्या खाडीवर त्यांच्या सात पिढ्यांनी गलबतं बांधली, आणि हे इथे वीस वर्षं पॅकिंगची खोकी ठोकत होते! पण ऐट गलबताचीच. कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलावर टकटक, मग यजमानाला सलाम. माझं नवंकोरं डायनिंग टेबल पाहून म्हणाले, "दिसायला बरं हाय, पण पाण्यात तासभर टिकायचं नाय." अहो, टेबल कशाला पाण्यात जातंय? मोजायच्या टेपला त्यांनी कधी हात लावला नाही. एक वीत आणि एक मिटलेला डोळा, एवढ्यावर सगळा कारभार. माझ्या ड्रॉइंगना ते कागदी घोडे म्हणत, आणि माप मेलं दर वेळी त्यांचंच बरोबर निघे!

आमच्याकडे एक अमेरिकन इंजिनियर होता. अमेरिका नवी नवी असताना त्याच्या गावासमोरच्या मोठ्या तळ्यात इंग्रजांशी लढाई झाली होती. गावच्या जहाजाची डोलकाठी मोडली, तरी ते हटलं नाही, आणि इंग्रज पळाले. चहाच्या प्रत्येक सुट्टीत हे ऐकून आमचे कान किटले होते. नोकरी संपवून परतताना त्याला गावच्या संग्रहालयासाठी त्या जहाजाची हातभर लाकडी प्रतिकृती हवी होती; लढाईचं चित्र देऊन त्याने ती चाचांना सांगितली. चाचांचे डोळेच भरले. "वीस वर्षांनी कुणीतरी मला जहाज सांगितलं रे!" मग काय, कोकणातून येणाऱ्यांच्या बॅगेत आंब्यांऐवजी सागवानाचे तुकडे येऊ लागले. तीन महिने प्रत्येक शुक्रवारी चाचा बाल्कनीत तासत बसलेले.

निघायच्या आदल्या दिवशी साहेब आला आणि त्याचा चेहराच पडला. चित्रात डोलकाठी मोडलेली, इथे ताठ उभी! मोडकी हवी, तोच आमचा मान, नाहीतर नेत नाही, म्हणाला. चाचा मला म्हणाले, "सांग त्येला, लढाईला निघालं तवा साबूत होतं ना? मी सकाळचं जहाज बांधलंय. मोडायचं काम इंग्रजांचं, माझं नाय." मी हे इंग्रजीत सांगितलं. साहेबाने डोलकाठी बुडापासून टोकापर्यंत चाचपली, आणि जहाज उचलून छातीशी धरलं. खलास! त्या दिवशी मला आमच्या चाचांचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका.

काही महिन्यांनी अमेरिकेहून फोटो आला. काचेच्या कपाटात जहाज, खाली पाटी. मी वाचून दाखवली: 'लढाईच्या सकाळी. बांधणी: रत्नागिरीची.'

"माझं नाव?"

"नाही हो, चाचा."

"बरं झालं. गावाचं लागलं, तेच खरं." त्यांनी फोटो उजेडात धरला. "आमच्या खाडीत आता सगळ्या फायबरच्या होड्या. लाकडाचं कुणी बांधत नाय."

मग त्यांनी सवयीने फोटोवरच टकटक केली आणि हळूच म्हणाले, "पाण्यात सोडलं असतं, तर गेलं असतं रे, थेट आमच्या खाडीपर्यंत."